केप कोस्टला जाणारं पिंप

एका निळ्या प्लास्टिकच्या पिंपात काय काय मावतं ते मला विचारा. बासमतीच्या दोन पिशव्या, तेलाचे डबे, चार जोड बूट, बुटांच्या आत कोंबलेले मोजे, एक मिक्सर, मिक्सरच्या भांड्यात साबणाच्या वड्या आणि सगळ्यात वर, झाकणाखाली, गुडघा देऊन दाबून बसवलेलं एक ब्लँकेट. एवढं भरूनही माणूस काउंटरवर येऊन म्हणतो, "मॅडम, एक छोटी पिशवी राहिलीय." ही छोटी पिशवी सात किलोची असते.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाले आणि गॅरेजवाले यांच्या मधल्या गल्लीत, एका कार्गो ऑफिसात मी एकोणीस वर्षं काढली. गेल्या मार्चमध्ये रिटायर झाले. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बाकीच्या बायका बँकेत, शाळेत, दुबईतल्या काचेच्या ऑफिसांत. मी कार्गोत आहे म्हटलं की समोरची क्षणभर गप्प व्हायची आणि मग "अच्छा, लॉजिस्टिक्स!" असं म्हणून माझी अब्रू सावरून घ्यायची. लॉजिस्टिक्स कसलं डोंबलाचं! मी टेप मारायचे. टेप, मार्कर, वजनकाटा आणि तोंड, एवढीच माझी हत्यारं. त्यातलं तोंड सगळ्यात धारदार, असं आमचे हे म्हणतात.

धंदा समजायला सोपा आहे. इथे राबणारा माणूस घरी सामान पाठवतो. विमानानं परवडत नाही, म्हणून जहाजानं. एकट्याचं सामान कंटेनरभर नसतं, म्हणून दोन-तीनशे जणांचं एकत्र करून कंटेनर भरायचा, दार लावून सील मारायचं आणि तिकडे आपला माणूस ते सोडवून घरोघर पोचवतो. काउंटरवर बसणाऱ्यानं गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. आत काय आहे, आणि कधीपर्यंत पोचायला हवं. पहिला नाही विचारला तर कस्टमवाले धरतात. दुसरा नाही विचारला तर काय होतं, तेच सांगायला बसलेय.

आमचे मालक हमीदभाई, श्रीवर्धनचे. धंद्यात चोख, माणूस लाखात एक, पण कुठल्याही तारखेला "इन्शाल्ला" जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गिऱ्हाइकानं "कधी पोचेल?" विचारलं की "इन्शाल्ला चाळीस दिन." मी म्हणायचे, "हमीदभाई, पावतीवर इन्शाल्ला लिहायला कॉलम नाही." ते हसून म्हणायचे, "ताई, तुमचा कॉलम जहाजाला माहीत आहे का?"

आधी आमचं सामान जायचं ते मुंबई, कराची, कोची, फार तर मोम्बासा. आठेक वर्षांपूर्वी हमीदभाईंनी घानाची लाइन सुरू केली आणि माझ्या काउंटरवर केप कोस्ट आलं.

केप कोस्ट हे समुद्रकाठचं गाव. गाव म्हणजे आपल्या रत्नागिरीएवढं असावं, असा माझा अंदाज. मी पाहिलेलं नाही. पण तुम्ही मला डोळे बांधून तिथे सोडलंत तरी मी बाजारात पोचेन, कारण मी त्या गावचे शेकडो पत्ते माझ्या हातानं लिहिलेत. आणि पत्ते तरी कसे! एकाला घर नंबर असेल तर शपथ. "खेकड्याच्या पुतळ्यापासून खाली, मेथडिस्ट चर्चच्या मागे, आंटी एसीचं माशाची भट्टी असलेलं घर, कोणालाही विचारा." "किल्ल्याच्या पांढऱ्या भिंतीला लागून, जाळी विणतात त्या माडांपाशी." "दीपगृहाच्या टेकडीखाली, निळ्या दाराच्या शिवणकामवालीला द्या, ती देईल." हो, चौकात खेकड्याचा पुतळा आहे. गावाच्या बाजाराचं नावच खेकड्यांवरून पडलंय म्हणतात. मी गुहागरची. खेकड्याला मान देणारं गाव मला परकं वाटणं शक्यच नव्हतं.

पण आमची कॉम्प्युटरची सिस्टिम मोठी शिष्ट. घर नंबर भरल्याशिवाय पुढे सरकायची नाही. मग मी काय करावं? आमच्या शारजातल्या फ्लॅटचा नंबर ३०४. तो ठोकला. एकाला ठोकला, दुसऱ्याला ठोकला, सवयच लागली. दोन महिन्यांनी केप कोस्टचा आमचा पोचवणारा माणूस, क्वेसी त्याचं नाव, त्याचा फोन आला. बिचारा काकुळतीला आला होता. "मॅडम, हा मिस्टर थ्री-झीरो-फोर कोण आहे? गावातलं सगळं सामान त्यालाच का येतं? पोस्टमास्तरसुद्धा त्याला ओळखत नाही!" हमीदभाई खुर्चीवरून पडायचे राहिले. मी मात्र दोन दिवस मान वर करून पाहिलं नाही.

त्या गावची आणखी सगळी माहिती मला दिली ती अराबानं.

अराबा अबू धाबीच्या खलिफा सिटीत एका व्हिलात मुलं सांभाळायची. चाळिशीची, उंच, चालणं असं की पाण्याची घागर डोक्यावर आहे आणि सांडायची नाहीये. अबू धाबीत कार्गोवाले नाहीत असं नाही, पण आमचा रेट कमी. दोन महिन्यांतून एका रविवारी ती दोन बस बदलून शारजाला यायची, आमच्या गोडाउनात बसून पिंप भरायची आणि भरता भरता बोलायची. नवरा नव्हता. मुलगा तिथल्या चांगल्या बोर्डिंग शाळेत. केप कोस्ट शाळांचं गाव आहे, आपल्या पुण्यासारखं, त्याचा तिला फार ताठा. घरी म्हातारी आई. सहा वर्षांत अराबा एकदाही घरी गेली नव्हती. सुट्टीच्या तिकिटाचे पैसेच घ्यायची आणि शाळेत भरायची.

"आंटी," ती मला म्हणायची, "तू आलीस ना, की आधी तुला पहाटे किनाऱ्यावर नेईन." मग माझी सहल सुरू व्हायची. होड्या रंगवलेल्या, प्रत्येकीवर झेंडे आणि बायबलातलं एखादं वचन. माणसं रांगेनं उभी राहून जाळं ओढतात आणि ओढताना गातात. मंगळवारी मात्र एकही होडी पाण्यात जात नाही, तो दिवस दर्याचा. तिथून किल्ला. पांढराशुभ्र, तोफा अजून समुद्राकडे तोंड करून. त्याच्या तळघरात माणसं कोंडून ठेवायचे आणि एका अरुंद दारातून जहाजावर चढवायचे. "त्या दारातून गेलेलं कोणी परत आलं नाही," असं ती सांगायची आणि क्षणभर पिंपात हात घालून तशीच उभी राहायची. मग झटकन म्हणायची, "पण किल्ल्याच्या बाहेर पोरं फुटबॉल खेळतात, तिथे तुला गरम केंके आणि तळलेला मासा." केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, पानात गुंडाळलेला. ती एकदा घेऊन आली होती. आंबट लागतो. सोबतची तिखट काळी चटणी इतकी जबरदस्त की हमीदभाईंना उचकी लागली आणि तरी त्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

"आणि संध्याकाळी टेकडीवर. तिथून सगळी पत्र्याची छपरं दिसतात. आमचं कुठलं ते मी न बघता दाखवेन."

तिच्या मनात ते गाव भाजणीच्या चकलीसारखं ताजं होतं. मी टेप मारत ऐकायचे. घरी आल्यावर लेकीला सांगायचे, तर ती फोनमधून मान वर न करता, "ममा, यू हॅवन्ट ईव्हन बीन देअर." नाही गेले. म्हणून काय झालं?

तर, एका रविवारी अराबा आली आणि तिनं पिंपाचं झाकण उघडलं. डोळे सुजलेले. "आंटी, माझी आई गेली. दोन आठवडे झाले. हे तिच्या फ्युनरलचं सामान."

मी उठून तिला जवळ घेतलं. मग पिंप मीच भरायला लागले. पांढऱ्या लेसचा लांब झगा, कागदात गुंडाळलेला. पांढरी सॅटिनची चादर. काळ्या-पांढऱ्या छापाच्या कापडाचे गठ्ठे, घरातल्या सगळ्यांनी एकसारखं घालायला. आणि शंभरेक मग, प्रत्येकावर तिच्या आईचा फोटो आणि नाव, आलेल्यांना आठवण म्हणून द्यायला.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. त्या लोकांचे फ्युनरल मोठे असतात, शे-पाचशे माणूस, जेवण, बँड, हे मला माहीत होतं. माझी इतकी वर्षं पक्की समजूत होती की माती देणं वगैरे लगेच उरकतं आणि हा जो थाट तो नंतरचा, आपल्या तेराव्यासारखा किंवा वर्षश्राद्धासारखा. माणूस गेला की त्याच दिवशी न्यायचा असतो. याहून वेगळं काही जगात असू शकतं हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. दोन आठवडे झाले म्हणाली, म्हणजे आई कधीच गेली. आता हे फोटोचे मग वाटणार, म्हणजे वर्षश्राद्ध. म्हणजे घाई नाही.

आमच्याकडे दोन रेट होते. एक सरळ जहाज, पाच आठवडे. दुसरं मधल्या बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवलं जाणारं, नऊ-दहा आठवडे, पण पंचाऐंशी दिरहमनी स्वस्त. पंचाऐंशी दिरहम म्हणजे दोन हजार रुपये झाले! रडणाऱ्या बाईचे दोन हजार वाचवावेत म्हणून मी, तिचं भलं करायला निघालेली शहाणी, तिचं पिंप दुसऱ्या रेटात टाकलं. आणि कधीपर्यंत पोचायला हवं, हा प्रश्न मी विचारलाच नाही. रडत्या माणसाला काय तारखा विचारायच्या, असं वाटलं. तीही काही बोलली नाही. तिला वाटलं, फ्युनरल म्हटलं की आंटीला कळणारच.

चार आठवड्यांनी ती पुन्हा आली. "आंटी, पिंप पोचायला आलं असेल ना? तीन आठवड्यांनी शनिवारी आईला पुरायचंय."

मी म्हटलं, "कोणाला?"

"आईला."

"अगं, आई गेली ना तुझी?"

"हो."

"मग इतके दिवस कुठे आहे?"

"मॉर्गमध्ये. फ्रिजमध्ये." तिला माझा प्रश्नच कळेना. "तयारी व्हायला वेळ लागतो ना. सगळ्यांनी यायला हवं. तो झगा तिला घालायचाय."

मी सिस्टिम उघडून बघितली. पिंप मधल्या बंदरात उतरून पुढच्या जहाजाची वाट बघत पडलं होतं, तीनशे लोकांच्या सामानाखाली सीलबंद. तिथून ते काढणं हमीदभाईंनाच काय, कोणाला शक्य नव्हतं. तरी त्यांनी तासभर चार ठिकाणी फोन केले. शेवटी फोन ठेवून नुसतं म्हणाले, "खलास, ताई. पाच आठवडे अजून."

अराबा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, "मग ती काय घालून जाणार?"

मी म्हटलं, "तुमच्या घरी निर्णय कोण घेतं? त्याला फोन लाव. चूक माझी आहे, मी बोलते."

त्यांच्यात मामाचा शब्द शेवटचा. मयत झालेल्या बाईचा भाऊ. फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून कोंबड्यांचे आवाज, कुठलासा रेडिओ आणि मग एक जाड, सावकाश आवाज. "कार्गोवाल्या बाई तुम्हीच का?"

"हो. पिंप उशिरा येणार आहे. अराबाची काही चूक नाही. मी चुकीच्या जहाजावर टाकलं." मग मी सगळं सांगितलं, आमच्यात माणूस त्याच दिवशी नेतात हेही सांगितलं.

"त्याच दिवशी?" मामांना ते फार विचित्र वाटलं. "मग लांबची माणसं कशी येतात?"

त्यांनी कोणाशी तरी त्यांच्या भाषेत सल्लामसलत केली. "कधी येईल?"

हमीदभाईंनी तोंड उघडलं. मी हात वर करून त्यांना गप्प केलं. "पाच आठवडे. वर एखादा दिवस."

मोठा उसासा आला. "ठीक आहे. आम्ही फ्युनरल तीन आठवडे पुढे नेतो. खर्च वाढेल, माणसं कुरकुरतील. पण माझी बहीण तिच्या लेकीनं पाठवलेला झगा घालूनच जाईल."

इथे मी आभार मानून फोन ठेवायला हवा होता. कोणीही शहाण्या बाईनं ठेवला असता. पण माझं तोंड! मी म्हटलं, "मामा, पिंपासाठी तीन आठवडे थांबता, मग पोरीसाठी का नाही थांबत?"

"या अल्ला," हमीदभाई पुटपुटले.

पलीकडे कोणी तरी रेडिओ बंद केला. मग मामा म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, "बाई, आम्ही पहिल्या दिवसापासून तिच्यासाठीच थांबलो होतो. तिनंच निरोप पाठवला, थांबू नका म्हणून."

मी अराबाकडे पाहिलं. तिनं हात लांब करून फोन बंद केला.

"तू का विचारलंस?" ती म्हणाली. तिला एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "तुला काय करायचंय, आंटी? मॅडमचं बाळ दोन महिन्यांचं आहे. मी आत्ता गेले तर ती दुसरी बाई आणेल. आणायलाच हवी तिला, तिची काय चूक? मग माझ्या मुलाची शाळा कोण भरणार, तू? मी नाही जाऊ शकत तर माझ्या आईला मी फ्रिजमध्ये किती दिवस ठेवायचं?"

अगदी बरोबर होतं तिचं. त्या वेळी गप्प बसायचं सोडून मी माझ्या आईचं सांगायला लागले. का, ते आजही नीट कळत नाही.

माझी आई अकरा वर्षांपूर्वी गेली. सकाळी दहाला भावाचा फोन आला. मी तासाभरात तिकीट काढलं. संध्याकाळचं विमान, रात्री मुंबई, दुसऱ्या दिवशी दुपारी गुहागर. मी फोनवर भावाला म्हटलं होतं, थांबा रे माझ्यासाठी. तो म्हणाला, वंदू, पावसाचे दिवस आहेत, भटजी बसलेत, लोक जमलेत, थांबता येत नाही गं. चार वाजता नेलं. मी पोचले तेव्हा ओटीवर कोपऱ्यात दिवा लावलेला होता आणि त्याच्या खाली जमिनीवर पीठ पसरलेलं, त्यावर टोपली. आईची खोली धुऊन काढलेली. कोणाचंच चुकलं नव्हतं. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. मी त्या पिठाकडे बघत बसले आणि मला एकच वाटत राहिलं की माझ्यासाठी कोणी थांबलं नाही. एक दिवस. एकच दिवस हवा होता मला.

"आणि तुझे लोक तीन महिने थांबायला तयार आहेत," मी म्हटलं, "आणि तू नको म्हणतेस."

अराबानं पर्स उचलली आणि बाहेर पडली. हमीदभाई चहाचा कप माझ्यासमोर ठेवत म्हणाले, "ताई, बोललात ते खरं. पण त्या पोरीच्या नोकरीच्या जिवावर बोललात." मला रात्रभर झोप लागली नाही.

नंतर तीन आठवडे तिचा फोन नाही, मेसेज नाही. मी दोनदा लिहिलं, "सॉरी." दोन निळ्या खुणा आल्या आणि बस. मला वाटलं, संपलं. गिऱ्हाईक गेलं ते गेलं, मैत्रीण गेली. मग एका दुपारी फोन वाजला.

"आंटी, मी मॅडमना विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"रडल्या. मग म्हणाल्या जा, पण मला बाळासाठी कोणी तरी बघावंच लागेल, तुझी जागा ठेवता येणार नाही." मग ती म्हणाली, "मी जातेय."

शुक्रवारी आम्ही दोघं तिला विमानतळावर सोडायला गेलो. शारजा-दुबईचा जाम तुम्हाला माहीतच आहे. आमचे हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत पुढच्या गाड्यांना "यल्ला, यल्ला" करत होते आणि अराबा मागच्या सीटवर ताठ बसली होती. तिच्याकडे एक छोटी बॅग होती. सहा वर्षांनी घरी निघालेली बाई एवढ्याशा बॅगेवर कधी जात नाही, पाच-सहा खोके असतात. मी तसं म्हटल्यावर ती पहिल्यांदा हसली. "सामान तूच पाठवलंयस ना, आंटी. सगळ्यात लांबच्या रस्त्यानं."

आता पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला मला आवडत नाही. तिची जागा गेली ती गेलीच. नवीन व्हिसाचं दोन ठिकाणी जमत आलं आणि फिसकटलं. मुलाला बोर्डिंगमधून काढून जवळच्या शाळेत घालावं लागलं. अराबा आता बाजारात धुरी दिलेले मासे विकते, तिच्या आईसारखीच. मी एकदा धीर करून विचारलं, "माझ्यावर राग आहे का गं?" ती म्हणाली, "कधी कधी." मग म्हणाली, "रोज नाही." मी स्वतःलाही हेच विचारते आणि मलाही असंच उत्तर मिळतं. मी मध्ये पडायला नको होतं, असं ज्या दिवशी तिच्या मुलाच्या शाळेचा विषय निघतो त्या दिवशी वाटतं.

आता मी घरी असते. मुलगी मोठी झाली, आमच्या ह्यांना अजून दोन वर्षं नोकरी आहे, ते सकाळी सहाला जाममध्ये निघतात. मी गॅलरीत चहा घेऊन बसते. लोक विचारतात, रिटायर झालात, आता युरोप बघणार की सिंगापूर? मला पत्र्याची छपरं बघायचीत. ज्या चर्चच्या मागे मी इतकं सामान पाठवलं, ते चर्च कोणत्या रंगाचं आहे ते बघायचंय. मंगळवारी त्या किनाऱ्यावर सगळ्या होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या असतात म्हणे. आमच्या गुहागरला पावसाळ्यात असतात तशा. तेवढं एकदा बघितलं की झालं. हे म्हणतात, जाऊ की. पण जाणं होत नाही. गुहागरलाही तीन वर्षं जाणं झालेलं नाही. दोन्ही गावं मला आता सारख्याच अंतरावर वाटतात.

त्या शनिवारचं मुद्दाम मागे ठेवलं होतं.

पिंप नऊ दिवस आधी पोचलं. क्वेसीनं फोन करून सांगितलं, "मॅडम, या वेळी पत्ता बरोबर आहे." शनिवारी दुपारी मी काउंटरवर होते. केरळचे दोघं जण एक मोठा टीव्ही खांद्यावर घेऊन आत आले होते, बुकिंगसाठी. तेवढ्यात अराबाचा व्हिडिओ कॉल.

आधी नुसता गोंगाट. ढोल, पितळी बँड, मोठमोठे मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर काळ्या-पांढऱ्या कापडात शेकडो माणसं. मी त्या कापडाचे गठ्ठे ओळखले, माझ्याच हातानं बांधलेले. मग तिनं फोन आत नेला. सजवलेल्या पितळी पलंगावर तिची आई. लेसचा झगा, खाली सॅटिनची चादर, गळ्यात मणी, चेहरा शांत. दुपारी जेवून जरा आडवी झाल्यासारखी. आम्ही दोघींनी मिळून तिच्याकडे बघितलं.

मग ती बाहेर आली. तिथे एक माणूस माईक घेऊन टेबलाशी बसला होता. कोणी काय आहेर आणला, कोणाच्या नावानं आणला, ते तो लाउडस्पीकरवर सांगतो आणि सगळी सभा त्याला काही तरी प्रतिसाद देते. अराबा त्याच्या कानाशी वाकली, मग फोन तोंडाजवळ घेऊन ओरडली, "आंटी, तुझ्या आईचं नाव काय?"

"माझ्या?"

"हो, तुझ्या! लवकर!"

"सुमती," मी म्हटलं. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडले, "सुमती! गुहागरची सुमती!"

तो माणूस उभा राहिला. त्याच्या भाषेत बरंच काही म्हणाला. त्यात शारजा कळलं, माझं नाव कळलं. मग तो थांबला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, लाउडस्पीकरवरून म्हणाला, "मामे सुमती. ऑफ गुहागर." त्यांच्यात मामे म्हणजे आई. शेकडो माणसांनी एका आवाजात उत्तर दिलं. बायकांनी पांढरे रुमाल वर केले आणि हलवले. माझी आई उभ्या जन्मात चिपळूणच्या पलीकडे चार वेळा गेली असेल.

काउंटरवरचे दोघं माझ्याकडे बघत होते. एकानं विचारलं, "मॅडम, क्या हुआ?"

मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "भाई, दो मिनिट रुको. मेरी माँ चली गई."

त्यांनी खांद्यावरचा टीव्ही अलगद खाली ठेवला, आणि ते थांबले.